संमिश्र संगीतसभा, हंगेरीतील

एकाच रात्री व एकाच रंगमंचावरून पारंपरिक लोकसंगीत, समकालीन अभिजात संगीत आणि उत्स्फूर्त संगीत हे तीन प्रकार एकमेकांच्या सान्निध्यात सादर करणारा संगीतप्रयोग. अशा संगीतसभा यूरोप-अमेरिकेतील अनेक देशांत होत असल्या, तरी हंगेरीत त्यांना विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. ह्याचे कारण असे, की तेथील आधुनिक अभिजात संगीताची उभारणी बव्हंशी खेड्यापाड्यांतील गाण्यांच्या संशोधनातून झाली. आणि पुढे ज्या पिढीने ती गाणी नव्याने वाजवावयास घेतली, तिने ग्रंथ व ध्वनिमुद्रणे ह्यांवर न थांबता खेड्यातील वादकांचे प्रत्यक्ष शिष्यत्व पतकरले. परिणामतः मूळ धून, तीवरून रचलेली कृती आणि तीतून त्या क्षणी फुटणारी नवी वाट ह्या तिन्ही गोष्टी श्रोत्याला दोन-तीन तासांच्या अवधीत ऐकावयास मिळतात. लोकसंगीत हा रचनाकारांना पुरविला जाणारा केवळ कच्चा माल आहे, की ती स्वतःच्या सामर्थ्यावर उभी असलेली कला आहे, हा प्रश्नही अशा सभेत आपोआप उपस्थित होतो.

तीन प्रकारांचे स्वरूप : ह्या तीन प्रकारांतील भेद वाद्यांचा किंवा स्वरांचा नसून मुख्यतः संगीत कोठे जतन केले जाते, ह्यासंबंधीचा आहे. लोकसंगीत हे समाजाच्या स्मृतीत वास करते. त्याचा कर्ता अज्ञात असतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यात सतत फरक पडत असतो. अभिजात संगीताची कृती स्वरलेखनात स्थिर झालेली असते. तिचा कर्ता ज्ञात असतो व वादकाने लिहिलेल्या स्वरांशी इमान राखावे, अशी अपेक्षा असते. उत्स्फूर्त संगीत हे वादनाच्या क्षणीच घडते. ध्वनिमुद्रण न झाल्यास त्याची खूण श्रोत्यांच्या आठवणीपलीकडे उरत नाही.

व्यवहारात मात्र ह्या सीमारेषा इतक्या काटेकोर नसतात. ट्रान्सिल्व्हेनियातील खेड्यात नाचासाठी वाजविणाऱ्या तंतुवाद्यवृंदाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ह्या वृंदात सामान्यतः तीन किंवा चार वादक असतात. ‘प्रीमाश’ म्हणजे मुख्य व्हायोलिनवादक चाल वाजवितो. ‘कोंत्रा’ नावाचा व्हिओला तिला साथ करतो. त्यास तीनच तारा असून त्याची घोडी सपाट असते, त्यामुळे गजाच्या एकाच ओढीत तिन्ही तारा एकदम वाजतात. डबलबेस लयीचा पाया धरून ठेवतो. काही ठिकाणी संतूरशी साम्य असलेले ‘सिंबालोम’ हे वाद्यही जोडीला असते. पूर्वेकडील ज्यिमेश खोऱ्यात व्हायोलिनच्या जोडीस ‘गार्दोन’ हे चेलोसारखे वाद्य असते. त्याच्या तारांवर काठीने आघात करून ताल धरतात. पुरुषाने व्हायोलिन व त्याच्या पत्नीने गार्दोन वाजवावे, अशी तेथील रीत आहे.

चाल परंपरेने आलेली असली, तरी प्रीमाश ती दोनदा तशीच वाजवीत नाही. कोणता तरुण नाचासाठी पुढे आला आहे, तो थकला आहे की रंगात आला आहे, हे पाहून तो अलंकरण बदलतो, लय वाढवितो व एका चालीतून दुसरीत केव्हा जावयाचे ते ठरवितो. म्हणजेच लोकसंगीतात उत्स्फूर्ततेचा अंश मुळातच असतो. उलटपक्षी उत्स्फूर्त वादकही शून्यातून काही निर्माण करीत नाही. त्याच्या बोटांत पूर्वी ऐकलेल्या संगीताचे संस्कार मुरलेले असतात. संमिश्र संगीतसभेचे खरे प्रयोजन हे परस्परसंबंध कानांना प्रत्यक्ष जाणवून देणे, हे होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात हंगेरियन संगीत म्हणून जे यूरोपभर ओळखले जाई, ते प्रायः शहरांतील उपाहारगृहांत रोमा (जिप्सी) वादकवृंद वाजवीत असलेले संगीत होते. फ्रांट्‌स लिस्ट (१८११–८६) ह्याच्या हंगेरियन रॅप्सोडी ह्या संगीतावरच आधारलेल्या आहेत. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिस्टने हे संगीत मूलतः रोमा लोकांचेच असल्याचे प्रतिपादन केले. खेड्यातील शेतकऱ्यांची गाणी तोपर्यंत नागर संगीतज्ञांच्या दृष्टीस जवळजवळ पडलीच नव्हती.

बेला बार्टोक (१८८१–१९४५) ह्याने १९०४ च्या उन्हाळ्यात ट्रान्सिल्व्हेनियातून आलेल्या लिदी दोशा नावाच्या एका तरुण मोलकरणीचे गाणे योगायोगाने ऐकले. शहरी संगीताशी काहीच साम्य नसलेल्या त्या चालीने त्याचे कुतूहल जागे झाले. लवकरच त्याला झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) ह्याचे साहाय्य लाभले व १९०६ मध्ये दोघांनी मिळून पियानोच्या साथीसह वीस हंगेरियन लोकगीते प्रसिद्ध केली. खांद्यावर फोनोग्राफ यंत्र व मेणाच्या नळकांड्यांच्या पेट्या घेऊन ते खेडोपाडी हिंडले. एका नळकांडीवर काही मिनिटांचेच मुद्रण होत असल्याने गाण्याची एक-दोन कडवीच टिपता येत. १९०७ मध्ये सेकेय प्रदेशात बार्टोकला हंगेरियन गीतांचा एक जुना थर आढळला. ही गाणी पाच स्वरांची असून ते स्वर हिंदुस्थानी संगीतातील धानी रागाच्या स्वरांशी जुळतात. त्यांत चाल वरून खाली उतरत येते व कित्येकदा तिचा पूर्वार्ध पाच स्वर खालून उत्तरार्धात पुन्हा येतो.

बार्टोकने केवळ हंगेरियनच नव्हे, तर स्लोव्हाक व रूमानियन गाणीही गोळा केली. १९१३ मध्ये अल्जीरियातील बिस्क्रा परिसरात व १९३६ मध्ये तुर्कस्तानात जाऊन त्याने मुद्रणे केली. १९१४ मध्ये त्याने हुन्याद परगण्यातील रूमानियन शेतकरी गायक-वादकांना बुडापेस्टला आणून त्यांच्या साहाय्याने सप्रयोग व्याख्यान दिले. खेड्यातील कलावंत आणि अभिजात संगीताचा रचनाकार एकाच व्यासपीठावर आल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण असल्याने संमिश्र संगीतसभेच्या पूर्वेतिहासात त्याचा उल्लेख करणे अगत्याचे ठरते.

लोकसंगीताचा उपयोग रचनाकार तीन प्रकारे करू शकतो, असे बार्टोकने १९३१ मध्ये मांडले : पहिल्या प्रकारात मूळ चाल जशीच्या तशी घेऊन तिला साथ जोडली जाते, दुसऱ्यात रचनाकार लोकगीताच्या धर्तीवर स्वतःची चाल रचतो, तिसऱ्यात चाल किंवा तिचे अनुकरण ह्यांपैकी काहीच नसते, परंतु लोकसंगीताचे वातावरण कृतीत सर्वत्र भरून राहिलेले असते. ह्या तिसऱ्या अवस्थेत लोकसंगीत हे रचनाकाराची मातृभाषा बनते, असे त्याचे मत होते. व्हायोलिनसाठी रचलेल्या दोन रॅप्सोडी (१९२८) पहिल्या प्रकारात मोडतात, तर त्याची उत्तरकालीन तंतुवाद्य-चतुष्के तिसऱ्या प्रकाराचे दर्शन घडवितात.

उत्स्फूर्त संगीताशी असलेला बार्टोकचा संबंधही लक्षणीय आहे. हंगेरियन शेतकरीगीतांवरील आठ पियानोरचनांच्या संचाला (१९२०) त्याने ‘इंप्रोव्हिझेशन्स’ म्हणजे उत्स्फूर्त आविष्कार असेच नाव दिले. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. १९३८ मध्ये अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन (१९०९–८६) ह्याच्यासाठी त्याने व्हायोलिनवादक योझेफ सिगेटीच्या सूचनेवरून क्लॅरिनेट, व्हायोलिन व पियानो ह्यांकरिता एक रचना केली. तिचे दोन भाग ९ जानेवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथम सादर झाले. पुढे तीन भागांच्या स्वरूपात ती कॉन्ट्रास्ट्‌स ह्या नावाने प्रसिद्ध झाली व १९४० मध्ये स्वतः बार्टोक, सिगेटी व गुडमन ह्यांनी तिचे ध्वनिमुद्रण केले. तिचा पहिला भाग ‘वेर्बुंकोश’ ह्या सैन्यभरतीच्या वेळच्या जुन्या नृत्यावर आधारलेला आहे. शेवटच्या भागाच्या आरंभी खेड्यातील वादकाच्या पद्धतीस अनुसरून व्हायोलिनच्या दोन तारा मुद्दाम निराळ्या स्वरांत लावलेल्या असतात. लोकनृत्याची लय, नवे अभिजात रचनातंत्र आणि उत्स्फूर्त वादनात मुरलेला कलावंत ह्यांचा संयोग येथे एकाच कृतीत घडून आला. मात्र त्या कलावंताच्या पुढ्यात लिहिलेले स्वर होते.

तांत्सहाज चळवळ : पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या ट्रायनॉन तहान्वये ट्रान्सिल्व्हेनिया रूमानियाकडे गेला. त्यामुळे हंगेरियन लोकसंगीताची काही अत्यंत समृद्ध क्षेत्रे देशाच्या सीमेबाहेर राहिली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पात्रिया’ ह्या ध्वनिमुद्रिकामालेसाठी खेड्यातील कलावंतांना बुडापेस्टला आणून त्यांचे संगीत मुद्रित करण्यात आले. लास्लो लायता (१८९२–१९६३) ह्याने सेक ह्या गावातील तंतुवाद्यवृंदाचे संगीत सर्व वाद्यांच्या भागांसह लिहून काढले व १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. तोपर्यंत संशोधकांचा भर मुख्यतः गायिलेल्या चालींवर होता. वृंदातील साथीचे सविस्तर लेखन ही ह्या क्षेत्रातील महत्त्वाची भर होय.

बेला हॉल्मोश (१९४६–२०१३) व फेरेन्त्स शेबो ह्या दोन तरुण वादकांनी लायताच्या लेखनावरून आरंभ केला. परंतु कागदावरील स्वरांवरून गजाचा झोक व लयीचे वजन उमगत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. लोकनृत्याचा अभ्यासक ग्यॉर्गी मार्टिन (१९३२–८३) व संग्राहक झोल्तान कालोश (१९२६–२०१८) ह्यांच्या मार्गदर्शनाने हे तरुण सेक गावी जाऊन तेथील वादकांजवळ बसून शिकले. त्या गावातील तरुण मुलेमुली नाचासाठी एखादे घर भाड्याने घेत. त्यास ‘तांत्सहाज’ म्हणजे नृत्यघर म्हणत. ह्याच नावाने ६ मे १९७२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिली नृत्यसंध्या झाली. आरंभी ती नृत्यपथकांच्या सदस्यांपुरती होती. पुढे नृत्यदिग्दर्शक शांदोर तिमार ह्याच्या पुढाकाराने ती सर्वांना खुली झाली. येथे प्रेक्षक व कलावंत असा भेद नसे. आलेल्या प्रत्येकाला नाचाची पावले शिकविली जात आणि संगीत प्रत्यक्ष वाजविले जाई.

त्या काळी निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीत परकीयांना रूमानियन नागरिकांच्या घरी मुक्काम करण्यास कायद्याने बंदी होती. तेव्हा खेड्यातील वादकाच्या घरी जाऊन शिकणे, ही विद्यार्थ्यालाच नव्हे, तर यजमानालाही अडचणीत आणणारी गोष्ट होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘मुझिकाश’ ह्या वादकसंघानेही आपले भांडार अशाच भेटींतून जमविले. गायिका मार्ता शेबेश्त्येन हिच्या सहयोगामुळे ह्या संघाची कीर्ती देशाबाहेर पसरली. तांत्सहाज पद्धतीचा समावेश यूनेस्कोने २०११ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा जपणाऱ्या अनुकरणीय पद्धतींच्या नोंदवहीत केला.

उत्स्फूर्त संगीताचा प्रवेश : हंगेरीत मुक्त उत्स्फूर्त संगीताचा पाया घालणाऱ्यांमध्ये पियानोवादक ग्यॉर्गी साबादोश (१९३९–२०११) हा अग्रगण्य होय. व्यवसायाने तो डॉक्टर होता. अमेरिकन जॅझ संगीताचे अनुकरण न करता हंगेरियन लोकगीतांतील बोलण्याच्या ओघाने चालणाऱ्या, ठरीव मात्रांत न बसणाऱ्या लयीचा त्याने आधार घेतला. १९७५ मध्ये निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘लग्न’ अशा अर्थाचे आहे, हेही सूचक होय. सॅक्सोफोनवादक मिहाय द्रेश (१९५५– ) ह्याने त्यापुढे जाऊन खेड्यातील व्हायोलिनवादकाची अलंकरणपद्धती आपल्या वाद्यावर आणली. त्याच्या वादनात मूळ चाल ओळखू येते. पण ती केव्हा संपली व वादकाची स्वतःची भर केव्हा सुरू झाली, हे सांगणे कठीण जाते. लोकवादकांच्या व उत्स्फूर्त वादकांच्या कार्यपद्धतीतील हे साम्यच दोघांना एका रंगमंचावर आणण्यास कारणीभूत ठरले.

संगीतसभेची रचना : अशा सभेचा कोणताही ठरीव साचा नसला, तरी तिची मांडणी बहुधा तीन तत्त्वांनुसार होते. पहिले तत्त्व उगमाचे : प्रथम मूळ धून लोकवादक सादर करतात व लगेच तीवर आधारलेली अभिजात रचना वाजविली जाते. बार्टोकची दोन व्हायोलिनांसाठी रचलेली ४४ युगुले (१९३१) ह्यासाठी सोयीची आहेत. ती लहान असून बहुतेक सर्व लोकधुनांवर आधारलेली आहेत. मुझिकाशने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बार्टोकवर काढलेल्या संचात त्याने केलेली जुनी मुद्रणे, खेड्यातील शैलीचे वादन आणि व्हायोलिनवादक अलेक्झांडर बालानेस्कू ह्याने वाजविलेला युगुलांतील भाग ही एकमेकांशेजारी ठेवलेली आहेत. मेणाच्या नळकांडीवरील खरखरीतून येणारा शेतकरी गायकाचा आवाज सभागृहात ऐकविला जातो, तेव्हा तो जणू सभेतील एक सहभागी कलावंतच होतो.

दुसरे तत्त्व साम्याचे : येथे मूळ धुनेचा शोध नसून दोन शैलींतील आंतरिक नाते दाखविले जाते. १९७५ मध्ये बुडापेस्टमध्ये स्थापन झालेल्या टाकाच चतुष्काने मुझिकाशबरोबर असे कार्यक्रम केले. बार्टोकचे चौथे चतुष्क (१९२८) ह्या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याच्या मधल्या भागातील चेलोचे दीर्घ एकल वादन मुक्त लयीतील लोकगीताची आठवण करून देते. चौथ्या भागात चारही वादक गज बाजूस ठेवून केवळ बोटांनी तारा छेडतात. शेवटच्या भागात नाचाची दणकेबाज लय येते. एरवी कर्कश वाटणारे त्यातील स्वरसमूह कोंत्राच्या तिन्ही तारांचा खडबडीत नाद नुकताच ऐकलेल्या श्रोत्याला परके वाटत नाहीत. ग्यॉर्गी लिगेटी (१९२३–२००६) ह्याच्या एकल व्हिओलासाठी रचलेल्या सोनाटाचा (१९९१–९४) पहिला भागही असाच आहे. तो सबंध वाद्याच्या सर्वांत खालच्या तारेवर वाजविला जातो व त्याचे नाव बार्टोकला मारामुरेश भागात आढळलेल्या ‘होरा लुंगा’ ह्या मुक्त लयीच्या रूमानियन गानप्रकारावरून घेतलेले आहे.

तिसरे तत्त्व संवादाचे : सभेच्या उत्तरार्धात बहुधा निरनिराळ्या परंपरांतील वादक एकत्र येऊन पूर्वनियोजनाशिवाय किंवा अल्पशा संकेतांवर वादन करतात. एखादा लोकवादक चाल धरतो, दुसरा तिच्यातील एकच स्वर लांबवून ठेवतो, तिसरा लय मोडून पाहतो. हा सभेचा सर्वांत जोखमीचा भाग होय. प्रत्येकाने आपलेच कौशल्य मिरविले, तर गोंगाट होतो. सर्वांनी केवळ सौजन्य पाळले, तर काहीच घडत नाही. यशस्वी वादनात मात्र कोणीतरी थांबून दुसऱ्याला वाट करून देतो.

स्थळाचाही प्रश्न महत्त्वाचा आहे. बुडापेस्टमध्ये १९०७ मध्ये बांधलेल्या संगीत अकादमीच्या भव्य सभागृहात अभिजात चतुष्काचा सूक्ष्म नाद स्पष्ट पोहोचतो. खेड्यातील वृंद मात्र बंद खोलीत, नाचणाऱ्यांच्या पावलांच्या आवाजावर मात करण्यासाठी वाजवीत आलेला असतो. १९९५ मध्ये सुरू झालेले ‘फोनो’ हे संगीतगृह व समकालीन संगीत आणि जॅझ ह्यांसाठी २०१३ मध्ये स्वतःच्या वास्तूत गेलेले ‘बुडापेस्ट म्यूझिक सेंटर’ ह्यांसारख्या लहान सभागृहांमुळे श्रोते व वादक ह्यांतील अंतर कमी झाले. फोनोने १९९७ पासून ट्रान्सिल्व्हेनियातील अनेक ग्रामीण वृंदांना बुडापेस्टला आणून त्यांचे संगीत मुद्रित केले. ह्या उपक्रमाचे ‘अखेरची घटका’ अशा अर्थाचे नाव त्यामागील निकड दर्शविते.

स्मृतीचे जतन : अशा कार्यक्रमांतून केवळ रंजनापलीकडचे काय साधते, ह्याचे एक ठळक उदाहरण मुझिकाशच्या १९९३ मधील ध्वनिमुद्रणात आढळते. उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया व मारामुरेश येथील ज्यू समाजाच्या लग्नसमारंभांत पूर्वी रोमा वादक वाजवीत. १९४४ मध्ये ह्या भागातील ज्यूंना नाझींच्या मृत्युछावण्यांत पाठविण्यात आले व तो समाज बव्हंशी नष्ट झाला. ज्यांच्यासाठी ते संगीत होते ते लोक उरले नाहीत. परंतु वादकांच्या स्मृतीत त्या चाली राहिल्या. व्हायोलिनवादक गेओर्गे कोवाची व सिंबालोमवादक आर्पाद तोनी ह्या वृद्ध रोमा वादकांनी आपल्या तारुण्यात ज्यू लग्नांत वाजविलेल्या चाली मुझिकाशला दिल्या. एका समाजाची ठेव दुसऱ्या समाजाने सांभाळली व तिसऱ्याने ती रंगमंचावर आणली, असा हा प्रवास आहे.

संगीतातील संकर हा ऱ्हासाचे नव्हे, तर समृद्धीचे कारण असतो, असे बार्टोकचेही मत होते. रूमानियन गाण्यांवर संशोधन केल्याबद्दल १९२० मध्ये त्याच्यावर मायदेशातील राष्ट्रवाद्यांनी टीका केली होती. अमेरिकेत स्थलांतर केल्यानंतर, यूरोपात वंशशुद्धीच्या कल्पनेने थैमान घातलेले असताना, १९४२ मध्ये लिहिलेल्या लेखात त्याने शेजारी समाजांतील चालींच्या सततच्या देवघेवीमुळेच पूर्व यूरोपचे लोकसंगीत संपन्न झाले, असे दाखवून दिले.

आक्षेप व मर्यादा : संमिश्र संगीतसभेवर काही आक्षेपही घेतले जातात. लग्नात रात्रभर चालणारे नृत्यसंगीत दहा मिनिटांत बसविले की त्याचा हळूहळू चढत जाणारा आवेग नाहीसा होतो. कालोतासेग भागात रात्रभर नाचून झाल्यावर पहाटे गावयाची ‘हॉयनाली’ नामक संथ गाणी आहेत. सायंकाळी आठ वाजता खुर्चीवर बसलेल्या श्रोत्याला ती सुंदर वाटली, तरी थकल्या अंगाने घराकडे निघालेल्या माणसाला ती काय सांगतात, हे त्याला कळणे अवघड असते.

दुसरा आक्षेप श्रेयाचा व मोबदल्याचा आहे. अभिजात रचनेस कर्त्याच्या हयातीत व बर्न संकेतानुसार त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळते. पारंपरिक धुनेला कर्ता नसल्याने तिला ते सहसा मिळत नाही. त्यामुळे खेड्यातील वादकाकडून चाल घेऊन तिची नवी मांडणी करणाऱ्यास मानधन लाभते. ती चाल पन्नास वर्षे जपणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळदा कार्यक्रमपत्रिकेतही येत नाही. रोमा वादकांच्या बाबतीत हा अन्याय अधिक जाणवतो. कारण गावाच्या संगीताची जबाबदारी त्यांच्यावर असे, पण त्यांचे सामाजिक स्थान खालचे राही. जाणते संयोजक म्हणूनच प्रत्येक चालीबरोबर तिचे गाव व ज्या वादकाकडून ती मिळाली त्याचे नाव देतात आणि शक्य तेथे त्यालाच सभेत बोलावितात.

भारतीय संगीताशी तुलना : हिंदुस्थानी संगीतात रचना व उत्स्फूर्तता ह्यांचे असे विभाजन झालेले नाही. ख्यालगायनात बंदिश परंपरेने आलेली असते व तिचा विस्तार गायक त्या क्षणी करतो. मैफलीच्या अखेरीस ठुमरी, दादरा, भजन किंवा धून सादर करण्याचाही प्रघात आहे. तेव्हा वर सांगितलेले तीन प्रवाह येथे अनेकदा एकाच कलावंताच्या ठायी आढळतात. लोकसंगीताकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहून त्यातून नवे अभिजात संगीत घडविण्याचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व (१९२४–९२) हे होत. बेळगाव परिसरात जन्मलेले व मुंबईत संगीतशिक्षण घेतलेले कुमार गंधर्व क्षयाच्या विकारामुळे १९४८ मध्ये माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. गाणे बंद असलेल्या आजारपणाच्या वर्षांत त्यांनी आसपासच्या स्त्रीपुरुषांची गाणी लक्षपूर्वक ऐकली. पुढे त्यांतून त्यांनी ‘धुनउगम’ राग सिद्ध केले आणि ‘मालवा की लोकधुनें’ ह्यासारख्या कार्यक्रमातून मूळ धुनाही मैफलीत मांडल्या. बार्टोकने ऐकलेले कागदावर उतरविले व त्यातून लिखित कृती निर्माण केल्या. कुमार गंधर्वांनी ते रागाच्या चौकटीत आणून पुन्हा उत्स्फूर्त विस्तारासाठी मोकळे केले. दोघांच्याही बाबतीत मूळ गाणे श्रोत्यांपर्यंत त्याच्या स्वतःच्या रूपात पोहोचविण्याचा आग्रह समान आहे.

मूल्यमापन : संमिश्र संगीतसभा खेड्यातील संगीताचे मूळ जीवन परत आणू शकत नाही, शेतीचे सामूहिकीकरण, स्थलांतर आणि ध्वनिवर्धकांवरील लग्नसंगीत ह्यांमुळे ते जीवन झपाट्याने बदलले आहे. तथापि चाल जिवंत राहण्यासाठी ती संग्रहालयात ठेवणे पुरेसे नाही, ती कोणीतरी कोणाकडून तरी शिकली पाहिजे, ही जाणीव अशा सभांनी रुजविली. अनेक कार्यक्रमांच्या शेवटी खुर्च्या बाजूस सारून श्रोत्यांसाठी नृत्य सुरू केले जाते. तेव्हा चतुष्कातील वादक बाजूस बसून ऐकतात आणि लोकवादक नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहून चाल बदलीत राहतात.